रंगाचा डबा शेवटी उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घणसोलीतली मराठी माध्यमाची शाळा, पहिली ते सातवी, पट २८०. तळमजला आणि वर दोन मजले, पुढे फरशी घातलेलं अंगण. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायच्या निधीतून, पाच लाख रुपये मिळणार आहेत. मुख्याध्यापिकाबाईंना भिंती बोलक्या करायच्या आहेत आणि कुठली चित्रं घ्यावीत असं त्या विचारतात. पालकसभेला दहा-बारा जणच येतात, तेव्हा वस्ती शाळेशी जोडायची कशी, हाही त्यांचा प्रश्न आहे.

बाई, चित्रं सगळ्यात शेवटी ठेवा. सीएसआरचा पैसा बहुतेक वेळा रंगातच का जातो, त्याचं कारण शिक्षणशास्त्रात नाही, हिशेबात आहे. रक्कम जानेवारी-फेब्रुवारीत मंजूर होते, बिलं ३१ मार्चच्या आत हवी असतात, आणि आठ दिवसांत उरकणारं, फोटोत दिसणारं काम एकच: रंग. म्हणून कंपनीच्या माणसाशी पहिलं बोलणं चित्रांचं करू नका, मुदतीचं करा. सीएसआरच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ अशी सोय आहे. काम त्या सदरात मंजूर झालं तर सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं खर्च करता येतो, आणि न वापरलेली रक्कम कंपनी वेगळ्या बँक खात्यात ठेवते. कंपनीच्या वित्त विभागाला हे माहीत असतं, पण शाळेने मागितल्याशिवाय ते आपणहून सहसा सांगत नाहीत. एक वर्ष हातात आलं तरी पुरे.

त्यानंतरचे दोन आठवडे काहीही विकत घेऊ नका. तिन्ही मजल्यांचा आणि अंगणाचा आराखडा आलेख कागदावर काढा आणि त्याच्या पाच-सहा झेरॉक्स करा. परिपाठ, छोटी सुट्टी, जेवणाची सुट्टी, शाळा सुटताना आणि जोराचा पाऊस असताना मुलं कुठे असतात ते ठिपक्यांनी दाखवा, दहा मुलांमागे एक ठिपका. मुली आणि मुलगे यांचे रंग वेगळे ठेवा. बहुतेक शाळांत तीन गोष्टी दिसतात. अंगणाचा मधला भाग पाच-सहा मोठी मुलं अडवतात आणि मुली भिंतीकडेला किंवा जिन्यात असतात. जिन्याचा वळणकट्टा हीच शाळेतली सगळ्यात लाडकी जागा असते. आणि एखादी खोली भंगार बाकांनी भरलेली असते. तिसरीच्या पुढच्या मुलांना तीन रंगांच्या टिकल्या द्या: आवडती जागा, भीती वाटणारी जागा, कधीच न जाणारी जागा. भीतीची टिकली कुठे लागेल ते तुम्हाला आताच ठाऊक असेल: स्वच्छतागृह.

म्हणून पैशाची सुरुवात तिथून. चाळीस मुलांमागे एक युनिट, म्हणजे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या, असं केंद्राच्या ‘स्वच्छ विद्यालय’ अभियानाचं प्रमाण आहे. २८० मुलांना सात युनिटं लागतात. संख्या पुरेशी असूनही वापर होत नसेल तर बारीक गोष्टी तपासा. कडी लहान मुलांचा हात पोहोचेल अशी, ७५-८० सेंटिमीटरवर हवी. दप्तर-ओढणीसाठी आत खुंटी, मुलींच्या बाजूला झाकणाचा डबा, आणि दुपारीही लागणारा दिवा हवा. नळाची उंची पहिली ते चौथीसाठी ५५-६०, मोठ्यांसाठी ७५ सेंटिमीटर ठेवा. नळ किती, याचा हिशेब सोपा आहे. साबण लावून हात धुवायला, ढकलाढकलीसकट, एका मुलाला ४० सेकंद लागतात, म्हणजे दहा मिनिटांत एका नळावर पंधरा मुलं. पोषण आहाराची पंगत दोन तुकड्यांत बसवली तर एका वेळी १४० मुलं, म्हणजे दहा नळ. भारी बेसिन नकोत. भिंतीला उताराचा कठडा आणि आडवा पाइप पुरतो. खालचं पाणी कर्दळीच्या किंवा अळूच्या वाफ्यात सोडा. वाफ्याच्या तोंडाशी खडीचा थर आणि जाळी नसेल तर भाताच्या शितांनी पंधरा दिवसांत वाफा कुजतो आणि डास होतात, मग सगळा दोष झाडांवर येतो.

वर्गातलं ऐकू येणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आरसीसी स्लॅब, गुळगुळीत गिलावा, टाइल्स: आवाज जिरायला कुठे जागाच नसते. वर्ग रिकामा करून एक टाळी वाजवा. तिची शेपूट, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज, ऐकू आली तर मागच्या बाकावरच्या मुलाला ‘भात’ आणि ‘भाग’ यातला फरक ऐकू येत नाही, हे समजून चला. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गासाठी ३५ डेसिबल पार्श्वआवाज आणि ०.६ सेकंद घुमण्याचा काळ सुचवला आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला ३५ डेसिबल मिळणार नाही, तो नाद सोडा. घुमणं मात्र निम्म्यावर आणता येतं. मागची पूर्ण भिंत आणि एका बाजूचा वरचा पट्टा सॉफ्ट बोर्डने मढवा, फळ्याखाली जाड सतरंजी टाका. पहिली-दुसरीचे वर्ग रस्त्याकडून मागच्या बाजूला हलवा, त्याला पैसाही लागत नाही. सॉफ्ट बोर्ड थेट भिंतीला ठोकला तर जुलैत मागून बुरशी येते, म्हणून लाकडी पट्ट्यांवर दीड-दोन सेंटिमीटर पोकळी ठेवून बसवा. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतींवर तो लावूच नका.

उजेड साधारण ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) हवा. मोबाइलवरचं मापक नेमकं नसतं, पण खिडकीजवळचा आणि कोपऱ्यातला आकडा ताडून पाहायला पुरतं. फळा खिडकीच्या प्रकाशाने चमकत असेल तर बाकांची दिशा बदला. मुलांच्या डाव्या हाताला खिडकी आली की उजव्या हाताने लिहिणाऱ्यांच्या वहीवर सावली पडत नाही.

आता बोलक्या भिंती. ही कल्पना आपल्याकडे पसरली त्यामागे कबीर वाजपेयी या वास्तुरचनाकाराच्या ‘विन्यास’ संस्थेने युनिसेफबरोबर केलेलं ‘बाला’चं काम आहे, म्हणजे इमारत हेच शिकण्याचं साधन. मूळ कल्पनेत चित्रं दुय्यम आहेत. दाराच्या उघडझापीत कोन, पायऱ्यांवर संख्या, खिडकीच्या गजांवर बोट फिरवण्याच्या आकृत्या, असं हाताने वापरायचं काम त्यात आहे. पेंटर मात्र फळं, प्राणी, पाढे आणि थोर पुरुष काढून निघून जातो, आणि आठवड्यानंतर तिकडे कुणी पाहत नाही. उलट लहान मुलांना त्याचा त्रासच होतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या २०१४च्या अभ्यासात खच्चून सजवलेल्या वर्गात बालवाडीच्या वयाची मुलं जास्त विचलित झाली आणि कमी शिकली. फळ्याची भिंत चालू घटकापुरती ठेवा आणि उरलेल्या भिंतींपैकी निदान एक तृतीयांश भाग कोरा राखा. मुलांचं काम लावायची पट्टी पहिली-दुसरीसाठी ६० ते १२० सेंटिमीटर उंचीत हवी. ती बहुतेक ठिकाणी शिक्षकांच्या डोळ्यांच्या उंचीवर असते.

दाराचा कोनमापक करायचा असेल तर एक चूक टाळा. वर्तुळाचा मध्य दाराच्या कोपऱ्यात धरला की सगळे कोन चुकतात, कारण दार बिजागरीच्या खिळ्याभोवती फिरतं. खिळ्यातून ओळंबा सोडा, जमिनीवर टेकेल तो मध्य. दर दहा अंशांवर खूण करा, पण ऑइल पेंटने नको. चपलांखाली ती दोन महिन्यांत जाते. कटरने बारीक खाच पाडून त्यात रंगीत इपॉक्सी भरा.

अंगणात एक मीटरची सरळ काठी रोवा. भारताची घड्याळं ८२.५ अंश पूर्वेच्या रेखावृत्तावर लावलेली आहेत आणि आपण ७३ अंशांवर आहोत. त्यामुळे इथली सर्वात आखूड सावली बाराला पडत नाही, ऋतूप्रमाणे साधारण १२:२० ते १२:५५च्या दरम्यान पडते. हे मुलांनीच दर पाच मिनिटांनी खुणा करून शोधायचं आहे, आपण सांगायचं नाही. २२ डिसेंबरला ती सावली सुमारे ९२ सेंटिमीटर भरेल, २१ मार्चला ३५. शून्य सावलीचे दोन दिवस मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस येतात. एकदा सुट्टी असते आणि एकदा ढग, म्हणून त्या दिवसाच्या भरवशावर कार्यक्रम ठरवू नका.

पर्जन्यमापक बाटलीचा करतात तेव्हा तळाचा खळगा नडतो. तळात सिमेंट ओतून बाटली जिथे सरळ होते तिथपर्यंत भरा, शून्य तिथून धरा, आणि वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २०० चौरस मीटरच्या गच्चीवर तीस मिलिमीटरची एक सर आली, तर वीस टक्के वाया धरूनही ४,८०० लिटर पाणी उतरतं. पाचवीच्या मुलांना हा गुणाकार करून गच्चीचा पाइप आणि टाकी दाखवा. क्षेत्रफळ, घनफळ आणि शेकडेवारी एकाच ठिकाणी येतात.

रॅम्पचंही एक वाक्यात: जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर १:१२ उताराला ५४० सेंटिमीटर लांबी लागते, त्यापेक्षा आखूड बांधला तर तो मोटारसायकल चढवायलाच कामाला येतो.

वाचनालयाची अडचण पुस्तकांची नसते, कुलपाची असते. पुस्तकं जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढलेली असतात आणि एक हरवलं तरी उत्तर द्यावं लागतं. मग कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्ये जाते, ती परत येत नाही. यावर उपाय कागदावरचाच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करा की सीएसआरमधली वर्गपुस्तकं वापरातल्या साहित्यात धरली जातील, वर्षाअखेरी मोजदाद होईल आणि फाटलेली-हरवलेली पुस्तकं दहा टक्क्यांपर्यंत समितीच्या शिफारशीने निर्लेखित करायला, म्हणजे नोंदीतून काढून टाकायला, पाठवली जातील. लेखापरीक्षणाच्या वेळी हा ठराव शिक्षकांना वाचवतो. पुस्तकं उघड्या फळीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी, एका वर्गात ऐंशी-शंभर ठेवा आणि दर महिन्याला वर्गावर्गांत फिरवा. जिन्याच्या त्या लाडक्या कट्ट्यावर एक फळी टाकता येते. मात्र जिन्याची रुंदी अजिबात अडवायची नाही, आग लागली तर तीच सुटकेची वाट आहे.

आता पालकांकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असतात. कागदावर तुमचीही समिती तशीच असेल. तरी दहाच माणसं येतात, कारण सभा शाळेच्या वेळेत होते आणि घणसोलीची माणसं वेगवेगळ्या घड्याळांवर जगतात. वाशीच्या भाजी मार्केटला जाणारा माथाडी पहाटेच्या आधी घर सोडतो आणि दुपारी झोपतो. सेक्टरमधल्या घरकामाच्या बायका अडीच ते चारच्या मध्ये मोकळ्या असतात. एमआयडीसीतली पहिली पाळी तीनला सुटते. गावठाणातल्या घरांची वेळ आणखी वेगळी. प्रवेश अर्जाबरोबर एकच प्रश्न विचारा, ‘कुठल्या वाराला किती वाजता येऊ शकाल?’, आणि उत्तरं वर्गवार मांडा. तीन-चार वेळा ठळक दिसतील. मग एका मोठ्या सभेऐवजी तीन छोट्या सभा घ्या. त्यातली एक वस्तीतच, गल्लीत नाहीतर मंदिराच्या ओट्यावर.

सभा चाळीस मिनिटांची. पहिली पंधरा मिनिटं मूल स्वतः आईला किंवा बापाला वाचून दाखवेल, मोजून दाखवेल. मंच नको, नारळ नको, स्वागतगीत तर नकोच. मोठ्या माणसांना पहिलीच्या बाकांवर बसवू नका. गुडघे दुखलेला माणूस पुढच्या महिन्यात येत नाही. हिंदी बोलणाऱ्या घरांसाठी शेजारच्या एखाद्या बाईला आधीच सांगून ठेवा. शाळापूर्व तयारीच्या अभियानातले माता गट तुमच्याकडे असतील तर तेच धरून पुढे चला. एकाच गल्लीतल्या पाच ते आठ जणी, त्याहून मोठा गट केला की कुणीच कुणाची वाट पाहत नाही.

फाटक ही वस्तीची सगळ्यात स्वस्त जागा. शाळा सुटायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं तिथे रोज चाळीसेक माणसं उभी असतात आणि त्यांना बसायला दगडही नसतो. ४५ सेंटिमीटर उंचीचा, सात-आठ मीटर लांबीचा कट्टा आणि त्यावर पत्रा टाका. मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १४०-१५० सेंटिमीटरवर, फलक लावा आणि त्यावर तीनच गोष्टी मोठ्या अक्षरांत ठेवा: या आठवड्यात मुलं काय शिकतायत, घरी विचारायचा एक प्रश्न, आणि लागणारी एक मदत. परिपत्रकं तिथे चिकटवली की फलक मेला. वर्ग सात-आठ मिनिटांच्या अंतराने सोडले तर रिक्षा आणि स्कूटरची कोंडी आपोआप निम्मी होते.

मदत मागताना देणगी मागू नका, काम मागा आणि त्याला वेळेची हद्द घाला. गावठाणातल्या कोळी-आगरी घरांत एखादे आजोबा असतील ज्यांना तिथीवरून भरती सांगता येते. तिथीची पाऊणपट केली की मुंबई किनाऱ्यावरच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला. खाडीच्या आतल्या बाजूला पाणी थोडं उशिरा चढतं. पाचवी-सहावीच्या मुलांनी पंधरा दिवस कॅलेंडरवरची तिथी, पाऊणपट आणि छापील वेळापत्रकातली वेळ असा तक्ता करायचा आणि फरक मिनिटांत काढायचा. पाऊणकीचा पाढा कशासाठी होता हे तेव्हा कळतं. गवंडी पालक ओळंबा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) आणि पातळी पाहायची पाण्याची नळी आणेल. तीन-चार-पाचाचा काटकोन त्याला रोज लागतो, फक्त त्याला पायथागोरस म्हणत नाहीत. शिंपी मापं आणेल, रिक्षावाला मीटरचं गणित.

पाहुणा पालक वर्गात आला की त्याचं भाषण होतं, हा यातला नेहमीचा घोटाळा. वर्गशिक्षिकेने आदल्या दिवशी त्याच्याबरोबर पंधरा मिनिटं बसावं. तीन वस्तू आणायला सांगाव्यात आणि वीस मिनिटं वाटून द्यावीत: पाच दाखवायला, दहा मुलांनी हाताने करायला, पाच प्रश्नांना. शाल-श्रीफळ ठेवलंत की पुढच्या खेपेला गवंडी येत नाही, निवडणुकीला उभा राहू इच्छिणारा येतो. महिन्याला एका वर्गात एकच पाहुणा, आणि निम्म्या बायका. सुरक्षेचा नियम लिखित ठेवा: नोंदवहीत सही, कुठलाही बाहेरचा माणूस मुलांबरोबर एकटा नाही, दार उघडं, आणि सखी सावित्री समितीला (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) आधी कळवलेलं. कॅमेरा लावला म्हणून यातलं काही सुटत नाही.

शाळेनेही बाहेर जायला हवं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. दोन्ही गावं तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघरमध्ये आहेत. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. घणसोलीचं अंगण म्हणजे खाडी. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. हिवाळ्यानंतर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायचे तर ओहोटीची वेळ धरा, तेव्हाच चिखल उघडा पडतो आणि ते चरतात. मुलांना चिखलात किंवा तिवरांत उतरवू नका, बांधावरूनच पाहा. पडलेलं तिवराचं एक पान उचलून त्याची खालची बाजू भिंगातून दाखवा, मिठाचे कण दिसतात.

पाच लाखांची वाटणी माझ्या हिशेबाने अशी: दीड लाख स्वच्छतागृह आणि नळ, एक लाख उजेड-पंखे आणि आवाज, एक लाख फळ्या, पुस्तकं, सतरंज्या आणि खाली बसवलेले फळे, पाऊण लाख अंगण आणि फाटक, पन्नास हजार राखीव. या राखीव पैशाला पहिल्या वर्षी हात लावायचा नाही, कडी-नळ-बल्ब यासाठी दुसऱ्या वर्षी तोच लागतो. इमारत महापालिकेची किंवा संस्थेची असेल तर कुठेही तोडफोड किंवा खांबाला छिद्र पाडण्याआधी मालकाच्या अभियंत्याची लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘करा, करा’वर विसंबू नका, अधिकारी बदलतात.

उरले पंचवीस हजार, तो रंग. दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत लावा, कारण मे महिन्यात घाईने लावलेला रंग पहिल्या पावसात पापुद्रे काढतो. आधी फूटभर चौरस प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवा. मागे दव दिसलं तर गळती शोधा, रंग थांबवा. छत पांढरं, भिंती फिकट, खालचा १२० सेंटिमीटरचा पट्टा पुसता येणारा. व्हरांड्यात गुडघ्यापासून मुलांच्या डोक्यापर्यंत काळ्या फळ्याच्या रंगाचे दोन हात द्या, वाळल्यावर खडू आडवा धरून पूर्ण घासा आणि पुसा. हे केलं नाही तर पहिलं लिहिलेलं अक्षर कायमचं दिसत राहतं. तीन महिन्यांनी ठिपक्यांचा आराखडा पुन्हा काढा आणि जुन्याशेजारी फाटकावरच्या फलकात लावा.